दारिजा: अल्जीरियात घरोघरी, राज्यघटनेत कुठेच नाही

अल्जीरियातला भाषावाद बहुतेक वेळा अरबी विरुद्ध फ्रेंच असाच मांडला जातो. फार तर त्यात अमाझिघ म्हणजे बर्बर लोकांची तामाझिघ्त येते. बहुसंख्य लोक घरीदारी, बाजारात, भांडताना जी बोलतात ती दारिजा मात्र कुणाच्या हिशेबातच नसते. तिथल्या भाषिक राजकारणाचं खरं दुखणं मला इथेच दिसतं.

दारिजाही अरबीच, पण बर्बर, तुर्की, स्पॅनिश, फ्रेंच पचवून घडलेली. मूल घरी स्वयंपाकघराला ‘कूझिना’ आणि मोटारीला ‘तोमोबील’ म्हणतं. शाळेत त्याला ‘मतबख’ आणि ‘सय्यारा’ शिकावं लागतं. फरक नुसत्या शब्दांचा नाही, नकार आणि वाक्याची घडणही निराळी. शाळेतली ती प्रमाण अरबी, म्हणजे फुसहा, कुठल्याच अरब देशात कुणाची घरची बोली नाही.

तरी लोकांनी तिच्यावर जीव लावला, त्याला कारण आहे. १८३० मध्ये फ्रान्सने अल्जिअर्स घेतलं. पुढे धर्मादाय जमिनी सरकारजमा झाल्या आणि त्यांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या अरबी शाळांचा कणाच मोडला. मार्च १९३८ च्या आदेशानंतर तर परवान्याशिवाय अरबी शिकवणाऱ्यांवर कारवाई होऊ लागली. अब्दुल हमीद बिन बादीस यांच्या १९३१ साली स्थापन झालेल्या उलेमांच्या संघटनेने ‘इस्लाम माझा धर्म, अरबी माझी भाषा, अल्जीरिया माझा देश’ हे घोषवाक्य दिलं, ते उगाच लोकांच्या तोंडी बसलं नाही.

१९६२ साली स्वातंत्र्य मिळालं. आम्ही अरब आहोत, असं पहिले राष्ट्राध्यक्ष बेन बेला यांनी पुन्हा पुन्हा ठासून सांगितलं आणि १९६३ च्या राज्यघटनेत अरबी ही एकमेव राष्ट्रभाषा आणि राजभाषा ठरली. अरबी शिकवायला पुरेशी माणसं नव्हती, म्हणून इजिप्त आणि इतर अरब देशांतून शिक्षक आणले. त्यांच्यानंतर सत्तेवर आलेल्या बूमेदियन यांच्या काळात अरबीकरणाने वेग घेतला. पण वैद्यकी, अभियांत्रिकी आणि बऱ्या नोकऱ्या फ्रेंचमध्येच राहिल्या. अरबीतून पदवी घेतलेली मुलं बेकार फिरू लागली आणि त्यांच्यातले कितीतरी जण पुढे इस्लामवादी चळवळीकडे वळले. ज्या भाषेच्या नावाने स्वाभिमान शिकवला, तिच्यातून शिकलेल्यांनाच दार बंद, हा मोठा अन्याय होता.

तामाझिघ्तसाठी लोक रस्त्यावर उतरले. मार्च १९८० मध्ये तिझी उझू शहरातलं लेखक मुलूद मामेरी यांचं काबिल, म्हणजे काबिली भागातल्या बर्बर लोकांच्या, कवितेवरचं व्याख्यान सरकारने होऊ दिलं नाही आणि त्यातून ‘बर्बर वसंत’ पेटला. २००१ मध्ये काबिली भागात पुन्हा रक्त सांडलं. २००२ मध्ये तामाझिघ्त राष्ट्रभाषा झाली, २०१६ मध्ये राजभाषाही.

दारिजासाठी असा लढा उभा राहिला नाही. फ्रेंचमध्ये लिहून नाव कमावलेले कातेब यासीन १९७० च्या दशकात मजुरांसमोर दारिजातली नाटकं करू लागले. १९९२ मध्ये राष्ट्रप्रमुख झालेले मोहम्मद बुदियाफ लोकांशी त्यांच्याच बोलीत बोलत, पण काही महिन्यांतच त्यांची हत्या झाली. २०१५ साली प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्षांत मुलांच्या घरच्या बोलीचा आधार घ्यावा, अशी सूचना शिक्षणमंत्री नूरिया बेनगब्रित यांच्या कारकिर्दीत पुढे आली. फुसहाविरुद्धचा हा फ्रेंचांचा डाव, अशी ओरड झाली आणि ती सूचना बारगळली.

मार्च २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुतेफ्लिका यांनी जनआंदोलनापुढे नमून पाचव्यांदा निवडणुकीला उभं न राहण्याचं जाहीर केलं, त्या रात्री अल्जिअर्सच्या रस्त्यावर एक तरुण परदेशी अरबी वाहिनीच्या थेट प्रक्षेपणात घुसला. हे सगळेच गेले पाहिजेत, असं तो दारिजात म्हणाला. बातमीदार बाईंनी त्याला अरबीत बोलायला सांगितलं, तेव्हा त्याने उत्तर दिलं की मला अरबी येत नाही, ही आमची दारिजा आहे. त्याचं ते ‘यतनहाव गाअ’, म्हणजे ‘सगळेच गेले पाहिजेत’, नंतर त्या आंदोलनाची घोषणा झालं, भिंतींवर आणि फलकांवर लिहिलं गेलं.

नोव्हेंबर २०२० च्या सार्वमतात मंजूर झालेल्या नव्या राज्यघटनेत तिसऱ्या कलमात अरबी आहे, चौथ्यात तामाझिघ्त. दारिजाचा उल्लेख नाही.