अपक्व टेराटोमा (अंडाशयाचा)

अंडाशयातील बीजपेशींपासून उद्भवणारी, क्वचित आढळणारी कर्कगाठ. गर्भात असतात तशा अर्धवट वाढलेल्या ऊती या गाठीत असतात आणि त्यांचे प्रमाण किती, यावर रुग्णाचे भवितव्य बरेचसे ठरते. बहुतेक रुग्ण लहान मुली, किशोरी किंवा तरुण स्त्रिया असतात.

टेराटोमा म्हटले की सहसा आठवते ती डर्मॉइड सिस्ट: कापली की आत केस, तुपासारखी चरबी, कधी चक्क दात. तिच्यातील ऊती पूर्ण वाढलेल्या, म्हणजे पक्व असतात आणि तिचा कर्करोग होणे विरळाच. अपक्व टेराटोमातही त्वचा, कूर्चा, आतड्याचे अस्तर असा सगळा बाजार भरलेला असतो. पण त्यात गर्भाच्या मेंदूत असते तशी कोवळी चेताऊतीही असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या लहान, गडद पेशी नळ्यांच्या आकारात रचलेल्या दिसतात. इतर ऊतीही कोवळ्या असू शकतात, पण गाठीची प्रत, म्हणजे ती किती घातक याची पायरी, ठरवताना मोजतात ती मुख्यतः ही चेताऊतीच.

अशा प्रतवारीचा पाया १९६० मध्ये थर्लबेक आणि स्कली यांनी घातला. १९७६ मध्ये नॉरिस आणि सहकाऱ्यांनी ५८ रुग्णांच्या अभ्यासातून तिला मोजमाप दिले. ज्या स्लाइडवर कोवळी चेताऊती सर्वांत जास्त, ती स्लाइड घ्यायची. ४० पट विस्तारात ही ऊती एका दृष्टिक्षेत्राहून कमी भरली तर प्रत १, एक ते तीन क्षेत्रे भरली तर प्रत २, त्याहून जास्त भरली तर प्रत ३. त्या मालिकेत प्रत १ च्या सुमारे ८० टक्के रुग्ण वाचल्या, प्रत ३ च्या जेमतेम ३० टक्के. हे आकडे सिसप्लाटिन हे केमोथेरपीचे औषध येण्यापूर्वीचे आहेत. आजच्या रुग्णाला ते जसेच्या तसे लावू नयेत. आता प्रत २ आणि ३ एकत्र करून ‘उच्च’ आणि प्रत १ ला ‘निम्न’ म्हणण्याकडे कल आहे, कारण २ की ३ यावर पॅथॉलॉजिस्टांचे एकमत होणे अवघड जाते.

मोजणी नेमकी वाटते, पण ती तुकडे किती घेतले यावर अवलंबून असते. गाठ बहुधा मोठी असते आणि कोवळा भाग एखाद्या कोपऱ्यात दडलेला असू शकतो. म्हणून गाठीच्या सर्वांत मोठ्या व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे निदान एक तुकडा तपासण्याची पद्धत आहे. पीतककोश गाठीचे (बीजपेशींपासूनच होणाऱ्या दुसऱ्या एका कर्कगाठीचे) कण मिसळलेले असतील तर तेही यातच सापडतात. अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन पीतककोश गाठ तयार करते; रक्तात ते फार वाढलेले असले, तर या कणांचा शोध घ्यावाच लागतो.

रोग एकाच अंडाशयापुरता असेल, तर तेवढेच अंडाशय काढून गर्भाशय आणि दुसरे अंडाशय राखतात. त्यातही प्रत १ असेल तर शस्त्रक्रिया पुरते. प्रत वरची असल्यास प्रौढ रुग्णांना बहुधा ब्लिओमायसिन, इटोपोसाइड व सिसप्लाटिन ही केमोथेरपी देतात. लहान मुलींत मात्र पुष्कळदा केवळ लक्ष ठेवतात.

पोटाच्या आतील अस्तरावरही दाणे दिसले की रोग पसरला असे वाटणे साहजिक आहे. पण ते दाणे निव्वळ पक्व ग्लिया-ऊतीचे (चेतापेशींना आधार देणाऱ्या ऊतीचे) निघाले, तर त्या अवस्थेला ग्लायोमॅटोसिस म्हणतात आणि तिच्यात रुग्णाचे सहसा चांगले चालते. त्यामुळे दाण्यांची तपासणी मूळ गाठीपासून वेगळी करावी लागते. केमोथेरपीनंतर याच्या जवळची आणखी एक गोष्ट घडू शकते: औषधाने कोवळ्या पेशी मरतात, अल्फा-फीटोप्रोटीन उतरते, तरीही गाठ वाढत राहते. उरलेल्या पक्व ऊती औषधाला दाद देत नाहीत. तेव्हा केमोथेरपी वाढवून उपयोग नसतो, गाठ कापूनच काढावी लागते.