जास्त दंगा, म्हणून जास्त शिक्षा?

अमेरिकेतल्या शाळांबद्दलचं हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: कृष्णवर्णीय मुलं जास्त बेशिस्त, म्हणून त्यांचंच निलंबन जास्त. तफावत खरी आहे. २०१३-१४ मध्ये सरकारी शाळांत ही मुलं १५.५ टक्के होती, निलंबितांत सुमारे ३९ टक्के. कारण मात्र चुकीचं.

अमेरिकी शिक्षण-संशोधक रसेल स्किबा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका शहरातल्या शाळांच्या नोंदी तपासून २००२ साली निष्कर्ष मांडले. गोऱ्या मुलांना धूम्रपान, नासधूस अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी ऑफिसात धाडलेलं. काळ्या मुलांना ‘उद्धटपणा’, ‘फार आवाज’ यांसाठी. आता उद्धटपणा मोजायचा कशानं? शिक्षकाच्या कपाळावरच्या आठीनं! म्हणूनच शिस्त लावण्यासाठी शाळा वापरतात त्या वर्तन-साहाय्य पद्धतीत (इंग्रजीत PBIS) अपेक्षित वागणूक आधी शिकवतात, कोणती चूक वर्गातच मिटवायची हे ठरवून घेतात आणि शिक्षेच्या नोंदी वर्णानुसार पडताळतात.