सांध्याचे मार्क वेगळे, माणसाचे वेगळे

हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) फायलीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेले असतात. समजा, एचजेएचएस (हिमोफिलिया जॉइंट हेल्थ स्कोअर, म्हणजे सांधे किती बिघडलेत) १८ आणि फिश (फंक्शनल इंडिपेंडन्स स्कोअर इन हिमोफिलिया, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः किती जमतात) २९. घरचे विचारतात, 'दोन्ही वाढवायचे ना?' नाही हो! पहिला जितका कमी तितका बरा, शून्य म्हणजे उत्तम. दुसरा जितका जास्त तितका बरा, ३२ म्हणजे पैकीच्या पैकी. शिवाय फिशची सुरुवात शून्यापासून नाही, ८ पासून होते. तेव्हा २९ भागिले ३२ करून टक्के काढत बसू नका. अपंगत्वाच्या दाखल्यावरचे टक्केही यातून निघत नाहीत, त्याचे सरकारी निकष वेगळे आहेत.

एचजेएचएस सहा सांध्यांकडे बघतो: दोन कोपर, दोन गुडघे, दोन घोटे. रक्तस्राव मुख्यतः इथेच होतो. सूज आहे का, किती काळाची, स्नायू आटलाय का, हलवताना करकर होते का, वाकणं आणि सरळ होणं किती कमी झालंय, दुखतं का, ताकद किती. एका सांध्याचे जास्तीत जास्त २०, म्हणजे १२०. वर चालण्याचे ४, एकूण १२४. फिजिओ गोनिओमीटरची (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाची) एक पट्टी मुलाच्या मांडीच्या रेषेत धरतो, दुसरी नडगीच्या, आणि 'पाय पूर्ण ताण' म्हणतो. गुडघा दहा अंश आधीच अडतो. रोज त्या मुलाला शाळेत सोडणाऱ्या बापाला हे दिसलेलं नसतं.

फिश सांध्याला हातच लावत नाही. तो कामं करायला लावतो: जेवण आणि विंचरणं, अंघोळ, कपडे, खुर्चीवरून उठणं, उकिडवं बसणं, चालणं, जिना, पळणं. आठ कामं, प्रत्येकाला १ ते ४. 'जमतं का?' एवढं विचारून भागत नाही, करून दाखवावं लागतं. हा स्कोअर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तयार झाला. उकिडवं बसण्याला त्यात स्वतंत्र जागा का, हे इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घरात देशी संडास वापरणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

गोंधळ होण्याचं एक कारण म्हणजे चालणं, जिना आणि पळणं दोन्हीकडे आहे. पण एचजेएचएसमध्ये, एका पायावर लंगडी धरूनही, त्याला १२४ पैकी फक्त ४ मार्क.

आता गंमत बघा. कोपर तीस अंश सरळ होत नाही, तर एचजेएचएस मार्क लावतो. पण घास तोंडाशी न्यायला कोपर वाकावं लागतं, सरळ व्हावं लागत नाही. फिशला पत्ताही लागत नाही. उलट, गुडघा नव्वद अंशांपुढे वाकत नसेल तर एचजेएचएसमध्ये वाकण्याचे फार तर ३ मार्क लागतात. तो माणूस ऑफिसात खुर्चीवर आठ तास मजेत बसतो, मात्र गणपतीच्या पंगतीत पाटावर बसता येत नाही, उकिडवं बसणं तर दूरच. त्याचं रोजचं आयुष्य फिशला जास्त कळतं.

मुलांच्या बाबतीत माझा कल स्पष्ट आहे: एचजेएचएस चुकवू नका. तो मुळात ४ ते १८ वयोगटातले सुरुवातीचे बदल टिपायला बनवलाय. नियमित फॅक्टर (रक्त गोठवणाऱ्या घटकाचं इंजेक्शन) घेणारं पोर फिशमध्ये ३२ पैकी ३२ मिळवतं, घरचे निर्धास्त होतात आणि घोट्याच्या आतलं अस्तर मात्र पुन्हा पुन्हा आलेल्या रक्तातल्या लोहामुळे सुजत जातं. एचजेएचएस शून्य आला तरी आत सगळं ठीक असेलच असं नाही. ती शंका सोनोग्राफी किंवा एमआरआयने फिटते. सांधे आधीच बिघडलेल्या मोठ्या माणसाला मात्र मी आधी फिश करायला सांगेन.

मोजणीचा दिवसही बघावा लागतो. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) रात्रभर उभं राहून पाहिल्या, सकाळी घोटा गरम आणि सुजलेला, तर त्या दिवशी फॅक्टर आणि विश्रांती. मोजणी ब्लीड (रक्तस्राव) पूर्ण ओसरल्यावर.

आणि फायलीत नुसती बेरीज घेऊ नका, सांधेवार आकडे मागा. १८ पैकी १४ एकट्या डाव्या घोट्याचे असतील तर डॉक्टर त्या घोट्यावरच्या उपायांचं बोलतील. सहाही सांध्यांत तीन-तीन असतील तर आधी फॅक्टरच्या डोसचं आणि वेळांचं बोलायला हवं.