छप्पर उडालं की छप्पर गळलं? विम्याच्या क्लेमसाठी या दोन गोष्टी वेगळ्या का

१७ मे २०२१. तौक्ते वादळ मुंबईजवळच्या समुद्रातून गुजरातकडे चाललं होतं आणि कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला होता. त्या एका दिवसात आमच्या कुटुंबातल्या दोन छपरांची वाट लागली. वेसाव्याच्या गावठाणात मावशीच्या माळ्यावरचे चार पत्रे उडाले आणि बोरिवलीला आमच्या टॉप फ्लोअरच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या छताचं प्लास्टर धाडकन खाली आलं. घराचा विमा दोन्हीकडे होता, क्लेमही दोघांनी टाकला. मावशीचा पास झाला, आमचा नामंजूर. मला तेव्हा हा सरळसरळ अन्याय वाटला होता. आज वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगायलाच हवं, कारण दर जूनमध्ये कुणी ना कुणी ओळखीचं नेमकी हीच गल्लत करताना दिसतं.

बोलताना आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो, छप्पर गळतंय. विमा कंपनीचा पहिला प्रश्न मात्र ‘किती नुकसान झालं’ हा नसतो, ‘कशामुळे झालं’ हा असतो. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींची पॉलिसी आहे. तिच्यात कोणत्या संकटांचं नुकसान भरून मिळेल याची यादीच दिलेली आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, बाहेरची वस्तू येऊन आदळणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, असं बरंच काही त्यात आहे. वर्षानुवर्षं झिरपणारं पावसाचं पाणी त्यात नाही. नुसता पाऊस पडला म्हणून क्लेम लागत नाही. वादळ झालं, पाणी भरलं, झाड कोसळलं, असं काहीतरी घडावं लागतं, आणि त्या घडण्यामुळेच छप्पर मोडलं हे दिसावं लागतं.

दिसावं लागतं म्हणजे काय, ते मी मावशीकडे सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेला माणूस, आला तेव्हा पाहिलं. उडालेले पत्रे मागच्या गल्लीत सापडले होते. त्याने एक पत्रा उलटा केला आणि हुकाच्या भोकावरून अंगठा फिरवला. भोक एका बाजूला लांबट फाटलं होतं, फाटलेल्या कडा चकचकीत होत्या. म्हणजे पत्रा धड होता, वाऱ्याने तो ओढून काढला. चौथ्या पत्र्याची भोकं मात्र गोल, मोठी झालेली आणि तपकिरी होती. बोट लावलं की गंजाची भुकटी हाताला लागत होती. त्या पत्र्याला धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं. मावशीला तीन पत्र्यांचे पैसे पूर्ण मिळाले, चौथ्याचे कापून.

आमच्याकडे वेगळा सर्व्हेअर आला. त्याने पडलेल्या प्लास्टरपेक्षा न पडलेल्या भागाकडे जास्त वेळ पाहिलं. छतावरच्या डागाला एकात एक तीन पिवळसर कडा होत्या, टेबलावर चहाचा कप पुन्हा पुन्हा ठेवल्यावर उमटतात तशा. प्लास्टर निघालं होतं तिथे सळई उघडी पडली होती आणि तिच्यावर गंजाचे पापुद्रे होते. “ताई, हा गंज एका रात्रीत येत नाही,” एवढंच तो म्हणाला. खरंच होतं. गच्चीचा कोबा कुठेतरी फुटलेला होता, पाणी दर पावसाळ्यात स्लॅबमध्ये मुरत होतं, आतल्या सळया गंजून फुगत होत्या आणि प्लास्टरला ढकलत होत्या. ते त्याच दिवशी पडलं हा योगायोग. पुढच्या साध्या पावसातही पडलं असतं.

मग अशा गळतीचा खर्च कुणी करायचा? इथे बरेच जण हताश होऊन स्वतःच्या खिशातून रंगकाम करून मोकळे होतात आणि पुढच्या ऑगस्टमध्ये डाग परत येतो. सोसायटीत राहणाऱ्यांनी सेक्रेटरीचं दार वाजवावं. राज्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, स्पष्ट लिहिलं आहे की, गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून टॉप फ्लोअरच्या छताचं आणि प्लास्टरचं नुकसान झालं, तर दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची. आम्ही फोटो जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली. ऐन पावसात वॉटरप्रूफिंग होत नाही, म्हणून चार महिने गच्चीवर ताडपत्री टाकली आणि दिवाळीनंतर कोबा फोडून नवा केला. आतलं प्लास्टरही सोसायटीनेच करून दिलं. विम्याच्या मागे घालवलेले ते पहिले पाच आठवडे वाया गेले, याचं मात्र वाईट वाटतं.

खरी अडचण मधल्या प्रकरणांची. वाऱ्याने गच्चीवरची शेड उपटली आणि मग पाणी घरात आलं, तर ते पाणी गळतीचं नाही, वादळाचंच. शेजारचं झाड कौलांवर पडलं आणि त्या भोकातून गादी भिजली, तेही क्लेममध्ये बसतं. गच्चीवरच्या टाकीचा पाइप फुटून छत ओलं झालं, तर डाग हुबेहूब गळतीसारखा दिसतो, पण पाइप फुटणं पॉलिसीत आहे. म्हणून छत ओलं दिसलं की आधी गच्चीवर जाऊन पाणी कुठून येतंय ते बघा, मगच फोन करा.

आणि फोनवर पहिलं वाक्य जपून बोला. मावशीने फोन लावून “आमचं छप्पर गळतंय” असंच सांगितलं होतं, आणि पलीकडच्या मुलीने गळती म्हणून नोंद करायला घेतली. माझ्या मावसभावाने फोन घेऊन सांगितलं, आज दुपारी अडीचच्या सुमारास वादळात चार पत्रे उडाले, त्यानंतर पाणी आलं. यात खोटं काही नाही, घडलं त्याच क्रमाने सांगितलं. उलट जुन्या गळतीला वादळाचं नाव देऊ नका. त्या तीन पिवळ्या कडा कुणालाही दिसतात, आणि खोट्या क्लेमपायी खऱ्या नुकसानाचे पैसेही जातात.

ताडपत्री टाकण्याआधी फोटो काढा, पण सर्व्हेअरची वाट बघत घर भिजू देऊ नका. नुकसान वाढू न देणं ही विमा घेणाऱ्याचीच जबाबदारी असते. ताडपत्रीचं आणि मजुरीचं बिल ठेवा. फुटलेली कौलं, फाटलेले पत्रे भंगारवाल्याला देऊ नका. झाड पडलं असेल तर महापालिकेच्या १९१६ वर तक्रार करून तिचा नंबर लिहून ठेवा. तारीख-वेळेचा तो चांगला पुरावा होतो. २०२४ च्या नियमांनुसार क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा असतो. नकार आला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे, फी नाही, वकीलही लागत नाही.

मावसभाऊ आता दर मे महिन्यात माळ्यावर चढतो. गंजलेले हुक बदलतो, वायसरखाली डांबर भरतो आणि प्रत्येक पत्र्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतो. फोटोवर तारीख असते. पुन्हा कधी वारा सुटला, तर पत्रे आधी धड होते हे दाखवायला ते फोटो हाताशी असतील.