रूबीत लिहिलेला सर्व्हर

एकच सर्व्हर असेल तर तो हाताने बसवून होतो. लॉगिन करायचं, पॅकेज टाकायचं, कॉन्फिग फाइल बदलायची, सर्व्हिस रीस्टार्ट करायची. पन्नास सर्व्हर झाले की कुठेतरी एखादी ओळ राहतेच. शेल स्क्रिप्टने, म्हणजे कमांड ओळीने लिहिलेल्या फाइलने, काम भागतं, पण ती दुसऱ्यांदा चालवेपर्यंतच: फाइलच्या शेवटी ओळ जोडणारी स्क्रिप्ट तीच ओळ मुकाट्याने पुन्हा जोडते.

१९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सर्व्हर आपोआप बसवणारं सीएफइंजिन लिहिलं, तेव्हापासून या क्षेत्राचा रोख बदलला. काय करायचं ते सांगू नका, शेवटी मशीन कसं दिसायला हवं ते सांगा. २००५ च्या सुमारास आलेलं त्याच कामाचं पपेट रूबी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं होतं, पण वापरणाऱ्यासाठी त्याने स्वतःची वेगळी भाषा केली. २००९ मध्ये आलेल्या शेफने ती भानगडच ठेवली नाही. तिथली रेसिपी, म्हणजे मशीन कसं हवं ते सांगणारी फाइल, हा सरळ रूबीचा प्रोग्राम.

रूबीचा स्वभावच त्याला सोयीचा आहे. कंस गाळता येतात, आणि कोणत्याही मेथडला (नावाने बोलावता येणाऱ्या कोडला) कोडचा एक ब्लॉक देता येतो. त्यामुळे 'पॅकेज', पुढे अवतरणात 'एनजिनएक्स' (हा एक वेब सर्व्हर), एवढं लिहिलं की ते सेटिंगसारखं दिसतं. प्रत्यक्षात ती 'पॅकेज' नावाची मेथड कॉल केलेली असते. साच्यावरून कॉन्फिग फाइल बनवणारं 'टेम्प्लेट', तसंच 'सर्व्हिस', यांचंही तसंच. या प्रत्येकाला रिसोर्स म्हणतात. रिसोर्स आधी मशीनची सद्यस्थिती बघतो आणि फरक असेल तरच हात लावतो. म्हणून तीच रेसिपी दहादा चालवली तरी बिघडत नाही.

नवखा माणूस हमखास अडखळतो तो पुढच्या गोष्टीवर. रेसिपी दोन टप्प्यांत चालते. आधी रूबी सगळी फाइल वरून खाली वाचते आणि रिसोर्सची फक्त यादी बनवते. या वेळी एकही पॅकेज बसलेलं नसतं. यादी पूर्ण झाली की मग एकेक रिसोर्स अमलात येतो.

आता समजा रेसिपीत वर एनजिनएक्सचं पॅकेज आहे, आणि खाली साधा रूबीचा 'इफ': एनजिनएक्सची कॉन्फिग फाइल असेल तर अमुक टेम्प्लेट लावा. वाचताना चूक दिसत नाही. पण हा 'इफ' यादी बनतानाच तपासला जातो, तेव्हा कोऱ्या मशीनवर ती फाइल कुठली असणार? टेम्प्लेट यादीत येतच नाही. साधारण अर्ध्या तासाने शेफची पुढची फेरी होते, तोवर फाइल आलेली असते आणि सगळं सुरळीत चालतं. म्हणजे हा बग फक्त नव्या सर्व्हरवर, फक्त पहिल्या फेरीत दिसतो. शोधायला गेलात की गायब. उपाय म्हणजे अट रिसोर्सच्या आत 'ओन्ली इफ'च्या ब्लॉकमध्ये ठेवायची. ब्लॉक जपून ठेवला जातो आणि त्या रिसोर्सची पाळी आली की चालतो.

यादीचा फायदाही आहे. तीन टेम्प्लेट बदलली आणि तिघांनीही एनजिनएक्सला रीस्टार्टची सूचना दिली, तरी त्या सूचना फेरीच्या शेवटपर्यंत थांबतात आणि रीस्टार्ट एकदाच होतो.

खरीखुरी भाषा घेतली की तिच्या खोडीही आल्या. फाइलच्या परवानगीसाठी कुणी अवतरणाशिवाय नुसतं ६४४ लिहिलं, तर रूबी ती दशमान संख्या धरते; परवानगीचे आकडे मात्र अष्टमानात, म्हणजे आठाच्या पायावर, वाचले जातात. अष्टमानात ती होते १२०४. परिणाम असा की मालकाला फाइलमध्ये लिहिता येतं पण ती वाचता येत नाही, ग्रुपला काहीच नाही, आणि बाकी जगाला मात्र वाचायची मुभा! '०६४४' अवतरणात लिहिलं की प्रश्न मिटतो.

अशा खोडींना कंटाळून बरेच जण यामलकडे, म्हणजे माहिती मांडायच्या एका साध्या मजकुरी स्वरूपाकडे, वळले. अन्सिबल या अशाच साधनाची सगळी मांडणी त्यावर आहे, आणि छोट्या कामाला ती पुरते. पण अटी आणि लूप वाढले की यामलमध्येच प्रोग्रामिंग सुरू होतं, तेही अवघडून. मग सरळ रूबी बरी, असं माझं मत. मात्र रेसिपीतून डेटाबेसला प्रश्न विचारणारी हुशारी कुणी करू नये. सहा महिन्यांनी ती लिहिणाऱ्यालाही वाचून समजत नाही.

रूबी असल्याने तिची टेस्टिंगची साधनंही हाताशी येतात. शेफस्पेक मशीनवर काहीही न बसवता, बनलेली यादी तेवढी तपासतो, त्यामुळे लॅपटॉपवर काही सेकंदांत उत्तर मिळतं. पॅकेज खरोखर बसतं का, सर्व्हिस सुरू होते का, हे त्याला कळत नाही. त्यासाठी टेस्ट किचन एक तात्पुरतं व्हर्च्युअल मशीन उभं करतं, त्यावर रेसिपी चालवतं आणि तपासणी झाली की ते पुसून टाकतं.