नील गाऊचा विलाप (दुसऱ्या बायकोच्या मृत्यूवरची धून)

नील गाऊ (1727-1807) या स्कॉटिश फिडलवादकाने आपली दुसरी बायको मार्गारेट अर्कहार्ट गेल्यावर बांधलेली ही संथ धून. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त वाजवायची ढब लोकसंगीताची. धुनेला शब्द नाहीत, नाव मात्र लांबलचक आहे आणि त्यातच सगळं सांगून टाकलंय.

नील स्कॉटलंडच्या पर्थशायर परगण्यातला, डंकेल्डजवळच्या इन्व्हर गावात वाढलेला, घरचा धंदा विणकामाचा. तरुणपणी एका स्पर्धेत जॉन मॅक्रॉ नावाचे आंधळे परीक्षक होते, शंभर वादकांत मी याचा गज (तारांवर फिरवायची काठी) ओळखेन असं ते म्हणाले म्हणतात. त्याचा खालून वर जाणारा गज फार जोरकस होता आणि स्ट्रॅथस्पे या स्कॉटिश नाचाच्या झटकेदार तालाला नेमकं तेच लागतं. अथॉलच्या ड्यूकचा आश्रय मिळाला, मोठमोठ्या घरचे नाच त्याच्याशिवाय होईनात, साथीला भाऊ डोनाल्ड चेलो (व्हायोलिनचाच मोठा, खर्जातला भाऊबंद) घेऊन. थोडक्यात माणूस लोकांना नाचवणारा, त्याची ख्यातीच ती.

मार्गारेटशी लग्न 1768 साली झालं, पहिली बायको (तीही मार्गारेटच, मार्गारेट वाइझमन) वारल्यानंतर. 1787 च्या ऑगस्टअखेर कवी रॉबर्ट बर्न्स डंकेल्डला आला तेव्हा त्याने नीलचं वादन ऐकलं, मग त्याच्या घरीही गेला. डायरीत नीलचं वर्णन आहे, बुटका, दणकट, पिकू लागलेले केस, मोकळा चेहरा, आणि पुढे बायकोचं नुसतं नाव, मार्गेट गाऊ, बस्स. माझ्या मते या धुनेमागच्या बाईचं यापेक्षा जवळून दर्शन आपल्याला कुठे होत नाही.

1805 मध्ये ती गेली तेव्हा नील अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास होता आणि दोनच वर्षांत तोही गेला. धून छापून आली गाऊ मंडळींच्या धुनांच्या पाचव्या संग्रहात, 1809 साली, म्हणजे त्याच्या पश्चात. संग्रह काढायचं काम मुलगा नॅथॅनिएल एडिनबर्गमधून बघायचा. गाऊ मंडळींच्या संग्रहांवर दुसऱ्यांच्या धुना आपल्या नावावर खपवल्याचा आरोप झालाय, त्याच काळातला दुसरा स्कॉटिश फिडलवादक आणि रचनाकार विल्यम मार्शल याची तर तशी तक्रारच होती, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. पण या धुनेच्या बाबतीत कर्ता म्हणून नाव नीलचंच घेतलं जातं.

आता खरी गंमत. विलाप म्हटल्यावर कोमल स्वर असतील असं वाटतं, पण ही आहे डी मेजरमध्ये, आपल्या भाषेत डी हा षड्ज धरून बिलावल थाटाचे सगळे शुद्ध स्वर. दोन भाग, सहाच्या मात्रेत डुलत जाणारे, पहिला खालच्या पट्टीत बोलल्यासारखा आणि दुसऱ्यात सूर वर चढतो, तिथे गज आखडला की सगळं फसतं. रडगाणं न करता दुःख मांडणं यालाच म्हणत असावेत! कागदावर सोपी दिसते म्हणून शिकाऊ लोक घाईघाईने हिच्याकडे वळतात, पण लांब स्वर एका गजात न थरथरता धरून ठेवणं हे रील म्हणजे वेगवान नाचाच्या धुनेपेक्षा अवघड जातं, उगाच मुरक्या घातल्या तरी धून बिघडते.

आज ही स्कॉटिश फिडलच्या सगळ्यात लाडक्या संथ धुनांपैकी एक आहे, मैफिलीत वाजते तशी अंत्यविधीलाही वाजते, गिटार, पियानो, हार्पवरही बसवतात. नीलची फिडल आणि खुर्ची ब्लेअर कॅसल या अथॉलच्या ड्यूक घराण्याच्या वाड्यात ठेवलेली आहे, आणि चित्रकार हेन्री रेबर्नने काढलेलं त्याचं फिडल वाजवतानाचं चित्र, चौकड्यांच्या तोकड्या विजारीतलं, एडिनबर्गच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे.