‘त्यांच्यात ऑपरेशन पाप असतं’: खरं किती?

जालना-बीडकडं पारावर हे हमखास ऐकू येतं: “ख्रिस्ती लोकांत ऑपरेशन पाप, म्हणून लेकरं जास्त.” अर्धवट ऐकलेली गोष्ट आहे ही.

कृत्रिम संततिनियमनाला आणि नसबंदीला मनाई आहे ती कॅथलिक चर्चची, म्हणजे पोपला मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची. पोप सहावे पॉल यांनी 1968 मध्ये पत्रक काढून ती पुन्हा ठामपणे सांगितली. पण त्याच पत्रकात जबाबदार पालकत्वही आहे: सबळ कारण असेल तर पाळीचे दिवस पाहून मुलांत अंतर ठेवायला मुभा. पोप फ्रान्सिस तर 2015 मध्ये म्हणाले, चांगलं कॅथलिक व्हायला सशांसारखी पोरं काढावी लागत नाहीत! मूल टाळून कुत्री-मांजरं पाळणाऱ्यांनाही त्यांनीच नंतर स्वार्थी म्हटलं, ते वेगळं.

आता आपल्याकडचं. जालन्यात एकोणिसाव्या शतकातले धर्मप्रचारक नारायण शेषाद्री यांनी उभी केलेली ख्रिस्ती मंडळी प्रोटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणारी. पोपचा हुकूम तिथं लागूच नाही. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, बिशपांनी 1930 मध्येच विवाहितांना अटींसह साधनं वापरायला मोकळीक दिली. ‘लेकरं ही परमेश्वराची देणगी’ हे बायबलातलं स्तोत्र 127 सगळेच मानतात, पण त्यात आकडा कुठाय?

आकडा हवाच तर 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा. देशात दर स्त्रीमागं सरासरी मुलं 2.0, ख्रिस्ती समाजात 1.88.